थांबे मोजणारी

सप्टेंबरचा दुसरा रविवार. पुलाच्या श्टुरोवोकडच्या तोंडाशी
घडीच्या खुर्चीत मी, एतेल्का, वय ब्याऐंशी,
मांडीवर चौकटींची वही, कानामागे पेन्सिल.
कोण पहिला आला हे इथे कुणी विचारत नाही.
कोण किती वेळा बंद पडला, तेवढंच लिहायचं.
ज्यांच्या गाड्या जास्त रुसल्या
त्यांनी संध्याकाळी सगळ्यांना माशाचं कालवण वाढायचं,
पाप्रिका घातलेलं, नाकातून पाणी काढणारं.

सकाळी एका बाजूला जावा, चेरीच्या रंगाच्या.
समोर पानोनिया, नदीपलीकडून आलेल्या,
टाक्या इतक्या पुसलेल्या की त्यात बघून मिश्या विंचराव्यात.
मग सुरू होतं तोंडसुख.
"किक आणि गिअर एकाच दांड्यावर!
म्हणजे ज्या चमच्यानं जेवायचं त्यानंच खड्डा खणायचा?"
"आणि तुमच्या धुरानं आमच्या अलुबुखारावरच्या
गांधीलमाश्या पटापट गळतात, त्याचं काय?"
झिग्मोंद दर वर्षी हेच म्हणतो,
राडोवान दर वर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चिडतो.

डोंगरातले थांबे मला दिसत नाहीत.
परतताना प्रत्येकजण खुर्चीशी थांबून स्वतः कबूल करतो.
खोटं बोलणाऱ्याचे हात मी आधी बघते,
काजळी नखात बसते, कबुलीसाठी थांबत नाही.

माझा नवरा जावाचा. भाऊ पानोनियाचा.
पूल युद्धात पडला तेव्हा मी दोन वर्षांची होते,
पुन्हा उभा राहिला तेव्हा माझे गुडघे गेले होते.
मधली सगळी वर्षं भांडण डॅन्यूबवरून चालायचं:
रविवारी चारच्या सुमारास, पलीकडच्या काठावर,
भाऊ गाडी उभी करून तीनदा रेस करायचा.
घ्र्रं, घ्र्रं, घ्र्रं.
हा हातातला पत्त्यांचा डाव टाकून अंगणात धावायचा
आणि इकडून तीनदा.
मी चादरी वाळत घालत असायची.
त्या तीन आवाजांत "बरा आहेस ना?" असायचं
हे दोघांनीही मरेपर्यंत मान्य केलं नाही.

आता भावाची गाडी त्याचा मुलगा आम्ब्रुश चालवतो,
नवऱ्याची माझी नात डोरोटा.

दुपारी तीन वाजता वही सांगत होती:
जावा अकरा, पानोनिया अकरा.
आणि दुर्बिणीत डोरोटा पुलाच्या बरोबर मध्यावर
खोकत, अडखळत थांबली.
पुढचं चाक आमच्या देशात, मागचं त्यांच्या.
किक मारली. किक मारली. हेल्मेट काढून आदळलं.
(तिच्या आजोबांचा राग. पोरीनं तो कुठून उचलला कोण जाणे,
तिच्या जन्माआधीच ते गेले.)

मागून आम्ब्रुश आला. चालती गाडी स्टँडवर लावली.
खिशातून रुमाल, रुमालातून प्लग,
अंडं द्यावं तसा तळहातावर.
प्लगला कुठे कळतंय कोणाची टाकी, कोणाचं घराणं.
तो गुडघ्यांवर बसून पिळत होता
तेवढ्यात त्याची पानोनिया मागे
दोनदा शिंकली आणि विझली.

पेन्सिल माझ्या हातात होती.
माझ्याभोवती बारा पुरुष, सगळे वहीत डोकावणारे.
"एतेल्का, लिही! तिची आधी!"
"पण ती अर्धी आमच्याकडे थांबलीय!"
मी पेन्सिल कानामागे ठेवली.
म्हटलं, ऐकू द्या जरा.

जावा सुरू झाली. मग पानोनिया.
नवा प्लग साफ व्हावा म्हणून डोरोटानं रेस केली,
एकदा, दोनदा, तीनदा.
आणि आम्ब्रुशनं, उगाच, गंमत म्हणून, तीनदा.
त्यांना काही ठाऊक नव्हतं.
पाण्यावरून तो आवाज आमच्या अंगणाकडे गेला
जिथे आता दुसऱ्याच कुणाच्या चादरी असतात.

मी वही मिटली.
बारा-बारा की अकरा-अकरा, हे अजून कोरंच आहे,
झिग्मोंद रोज फोन करून विचारतो.

त्या संध्याकाळी दोन्हीकडून पातेली आली,
दोन चुली, दोन पळ्या, एकच लांब टेबल.
मीठ मात्र कुणीच घातलं नव्हतं.
प्रत्येकाला वाटलं, हरलेले घालतील.